आवक क्रमांक दोन

पानं गळायला लागली की माणसं कपाटातून स्वेटर काढतात. मी पातेलं काढतो. काहीतरी घरी, स्वतःच्या हातानं बनवावं अशी हुक्की मला दरवर्षी याच दिवसांत येते. (गेल्या वर्षी साबण केला होता. तो लावला की नंतर त्याला धुवायला दुसरा साबण लागायचा.)

यंदा मात्र सबळ कारण होतं. रविवारी सासरे चहाला येणार होते. ते निवृत्त सुतार. लग्नात त्यांनी मला मुलगी दिली आणि स्वतः घडवलेली एक खुर्ची दिली. खुर्ची चुकीच्या घरात पडली, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. (मुलीबद्दल ते बोलत नाहीत.) बावीस वर्षांत त्यांनी मला एकदाही ‘छान केलंत’ म्हटलेलं नाही. मरायच्या आधी ते दोन शब्द ऐकायचे होते मला. म्हणून ठरवलं, त्यांना घरचा सफरचंदाचा जाम खाऊ घालायचा आणि त्यांच्या खुर्चीला घरचंच पॉलिश लावायचं.

शनिवारभर ढवळत उभा होतो. पाठीचे तुकडे पडले. संध्याकाळी ओट्यावर दोन बरण्या उभ्या राहिल्या, दोन्ही सारख्याच आणि दोन्ही काळपट. मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे, त्यामुळे सवयीनं लेबलं चिकटवली. रविवारी सकाळी बायकोनं बरण्या हातात घेतल्या.

“‘आवक क्रमांक दोन’, ‘आवक क्रमांक तीन’. अहो, यात जाम कुठला?”

“रजिस्टरमध्ये नोंद आहे.”

“मग बघा की रजिस्टर.”

“ते ऑफिसात आहे. टेबलाच्या खणात, कुलपात. काल संध्याकाळी जाऊन नोंद करून आलो, आज ऑफिस बंद.”

“घरच्या जामची नोंद ऑफिसच्या रजिस्टरमध्ये?”

“घरी रजिस्टर कुठंय?”

तिनं कपाळावर हात मारला आणि दोन्ही बरण्या हुंगल्या. “दोन्हींना करपल्याचा वास येतोय हो.”

“लहान क्रमांक जामचा,” मी ठामपणे म्हणालो. “आधी जामच केला होता.”

मग तीन नंबरची बरणी घेऊन खुर्ची मन लावून घासली. बैठक, पाठ, हात, सगळं. चकाकी अशी आली की मलाच भरून आलं.

सासरे आले. खुर्चीकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या आणि बसले. मी पावावर दोन नंबर लावून बशी पुढे केली. त्यांनी एक घास तोंडात घेतला, थांबले, आणि हळूच रुमालात काढला.

“मेण आणि जवसाचं तेल,” ते म्हणाले. “प्रमाण बरोबर आहे.”

तेव्हा आठवलं. पहिला जाम जळून कचऱ्यात गेला होता. तो क्रमांक एक. आमच्या नियमाप्रमाणे रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरत नाहीत. त्यानंतर पॉलिश केलं, आणि मग पुन्हा जाम. मी माझ्याच नियमानं मेलो होतो.

“बाबा, तुम्ही आधी उठा,” बायको घाबरून म्हणाली.

ते उठले. खुर्चीही उठली. हिनं खुर्चीचे पाय धरले, मी त्यांच्या बाह्या धरल्या, आणि सासरे एकदाचे सुटले. पँटचा थोडा भाग मागेच राहिला. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. सासरे मात्र खुर्चीचा डावा हात हलवून बघत होते. तो कित्येक वर्षं डुगडुगत होता. आता हलेना. त्यांनी जोर लावला, ठोकला, तरी हलेना.

“जावईबापू, हे काय लावलंत?”

“जाम,” मी खाली मान घालून म्हणालो. “माझ्या हातचा.”

“छान केलंत!”

बावीस वर्षांनी! माझे डोळे भरून आले. जाताना सासरे तीन नंबरची बरणी काखेत मारून गेले.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. घरातली चार स्टुलं आणि एक पलंग पक्का झाला होता, बरणी संपली होती.

“अजून दोन बरण्या करा,” ते म्हणाले. “फक्त तसाच करपवा हं. नीट केलात तर काही उपयोग नाही.”