वन्स वर ठेव

मुक्ताचा निरोप लताबाईंनी फोनवर तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा कपाळाला हात लावला.

"आई, वन्स वर ठेव हं, विसरू नकोस. दोन तास पुरे. सारखं चालू असलं की माझं डोकं दुखतं. बाकी मी आले की बघते."

लताबाई मार्चमध्ये महिनाभरासाठी म्हणून परदेशी लेकीकडे ब्लँचर्डस्टाउनला आल्या, तोच कोरोनामुळे विमानं बंद पडली आणि डिसेंबर उजाडला तरी बाई इथंच. लेक-जावई दोघंही कारखान्यात, ड्यूटीवर. आणि आज जावयाची मोठी बहीण वृंदा लांबच्या ट्रली गावाहून येत होती. तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. परवाच कुठं जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली होती, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदाच बिचारी घरच्या माणसांचं तोंड बघणार होती.

"नणंदेला नुसतं ताई काय म्हणतेस? वन्सं म्हण," असं लताबाई लग्नापासून लेकीच्या कानीकपाळी ओरडत होत्या. कार्टीनं आज म्हटलं, आणि म्हटलं ते हे असं! एवढ्या लांबून आलेल्या माणसाला वर ठेवायचं? डोकं दुखतं म्हणे! वृंदा बोलते भरपूर, हे खरं. कुकरच्या चार शिट्ट्या होतात तरी तिचं पहिलं वाक्य संपत नाही. म्हणून काय झालं? पण घर लेकीचं, शब्द लेकीचा. लताबाईंनी पदर खोचला.

बारा वाजता बेल वाजली.

"लताकाकू! अहो, काय सांगू, ट्रेनमध्ये समोर एक म्हातारा बसला होता, तो मला म्हणतो..."

"वृंदाताई, दमला असाल. वर जाऊन पडा बघू."

"छे! झोपून तर आले."

"तरी पडा."

दहा मिनिटांत वृंदा जिन्यात हजर. "काकू, चहा टाकू?"

"मी आणते वर! तुम्ही खाली येऊ नका."

आत गेलं तर गप्पा सुरू होणार आणि आपणच ऐकत बसणार, हे लताबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कप दाराबाहेर ठेवला, टकटक केलं आणि धूम ठोकली.

"काकू, वर फार गार आहे हो," थोड्या वेळानं जिन्यावरून आवाज आला. "रेडिएटर नुसता बर्फ झालाय."

"रजई घ्या ना. दोनच तास काढा कसेतरी."

वृंदा जिन्याच्या कठड्याशी आली. मग म्हणाली, "काकू, माझी टेस्ट निगेटिव्ह आहे. दाखवू का?"

टेस्टचं मध्येच काय, ते लताबाईंना उमजेना. "मुक्ता आली की दाखवा," त्या म्हणाल्या. वरचं दार हळूच लागलं.

अडीच वाजता मुक्ता आली ती कुडकुडतच. "आई, घर केवढं गारठलंय! वन्स वर ठेव म्हटलं होतं ना?"

"ठेवलंय की! अडीच तास झाले. कोट घालून बसल्यात बिचाऱ्या. मुक्ते, मला लाज वाटली गं तुझी!"

"कोट? कोण बसलंय?"

"तुझ्या वन्सं!"

मुक्तानं आईकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या हीटिंगच्या डबीकडे. तिथं एक छोटी खिट्टी होती आणि तिच्या शेजारी ओळीनं लिहिलं होतं: ऑफ, वन्स, ट्वाइस, ऑन. खिट्टी 'ऑफ'वर.

"अगं आई, वन्स म्हणजे एकदा! एकदाच लाव म्हटलं! हीटिंग सारखं चालू असलं की माझं डोकं दुखतं!"

तेवढ्यात वृंदा जिना उतरली, अंगात कोट आणि हातात बॅग. "मी निघते गं. काकूंना माझी भीती वाटतेय. चुकत नाही काही त्यांचं. तिकडे दुकानातसुद्धा हॉस्पिटलचं नाव काढलं की लोक मागे सरतात. पण घरी तरी..." ती दाराकडे वळली.

"भीती? तुमची?" लताबाई धावल्या आणि त्यांनी तिला कोटासकट कवटाळलं. "अहो, मी अडाणी! त्या मेल्या खिट्टीला मी तुम्ही समजले!"

मुक्तानं निरोप पुन्हा वाजवला. वृंदा आधी हसली, मग रडली, मग परत हसली, पण लताबाईंना काही सोडेना. नऊ महिन्यांत तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं.

मुक्तानं खिट्टी 'वन्स'वर सरकवली, चहा झाला, आणि वृंदा बोलू लागली. वॉर्ड, मास्क, एकटीनं केलेली दिवाळी, ट्रेनमधला म्हातारा. दोन तासांनी हीटिंग खट् करून बंद झालं. म्हातारा अजून ट्रेनमध्येच होता.

मुक्तानं कपाळ चोळलं. मग ती मुकाट्यानं उठली आणि तिनं खिट्टी सरळ 'ऑन'वर नेऊन ठेवली.