काहीतरी ढिल्लं हाय

मयताच्या घरी बसायला जाताना खिशात पेचकस घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी सुधाकरभाऊ.

आमच्या वाशीमच्या कॉलनीत कुणी गेलं की शेजारीपाजारी तेरवीपर्यंत रोज थोडा वेळ त्या घरी जाऊन बसतात. बोलायचं फारसं नसतं. कुणीतरी म्हणतं, "चालता-बोलता माणूस गेला." मग सगळे जमिनीकडे पाहत राहतात. सुधाकरभाऊ मात्र छताकडे पाहतात. पंखा टकटक करत असतो. ते मांडी बदलतात, खाकरतात, आणि शेवटी शेजारच्याच्या कानाशी लागून सांगतात, "काहीतरी ढिल्लं हाय."

मागच्या गल्लीतले एक काका गेले तेव्हा असंच झालं. बघता बघता भाऊ स्टुलावर चढले. ज्याचे वडील गेले होते तो मुलगा डोळे पुसत स्टूल धरून उभा राहिला. धनजहून आलेल्या व्याह्यांना वाटलं मिस्त्री आला आहे. ते म्हणाले, "पंखा झाला का न्हाणीतलं बटन बी पाह्यजा बरं." भाऊंनी तेही पाहिलं. संध्याकाळी त्या घरात पंखा गुपचूप फिरत होता आणि न्हाणीतला दिवा काही केल्या विझत नव्हता.

भाऊ कचेरीत बाबू होते. निवृत्त झाल्यावर पेचकस, पक्कड आणि पाना हाती आला. शिकवलं कुणी नाही, त्यामुळे शंकाही कसली नाही. 'ढिल्लं हाय' हे त्यांचं निदान माणसांनाही लागू. जावयाची नोकरी सुटली, तर जावई ढिल्ला. स्वतःचा रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनाच म्हणाले, "गोळ्या कायले देता, एखांदा नट ढिल्ला असन."

आमच्या दाराची घंटी त्यांनी हौसेनं दुरुस्त केली. तेव्हापासून बाहेरून कुणी बटण दाबलं की घंटी वाजत नाही, स्वयंपाकघरातला दिवा जातो. बटण सोडलं की परत येतो. आई दोन दिवस चिडली, मग सरावली. भाकर थापता थापता अंधार झाला की मला हाक मारायची, "पाह्य रे, कोनीतरी आलं."

पण त्यानंतर तिनं घरातल्या कशालाही भाऊंचा हात लागू दिला नाही. स्वयंपाकघरातल्या मोरीच्या नळाची तोटी गळत होती. आईनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून तोटीभोवती करकचून गुंडाळली होती आणि वर एकावर एक अशा गाठी मारून ठेवल्या होत्या. थेंब तरीही पडायचाच. खाली गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवलेला असायचा, आणि तो भरला की पाणी अंगणातल्या कढीपत्त्याला. भाऊंना हे बघवत नसे.

"वयनी, पाच मिनटाचं काम हाय. वायसर तं बदलाचं हाय फक्त."

"तुमच्या पाच मिनटानं माह्या घरात अंधार पडते, भाऊ. चहा घ्या."

"अवो, पानी वाया जाऊन राह्यलं ना."

"कढीपत्त्याले जाते. तुमच्या बापाचं काय जाते?"

भाऊ चहा प्यायचे, पण नजर तोटीवर. साऱ्या कॉलनीत त्यांच्या हातून निसटलेली ती एकच वस्तू होती.

नवल म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात सगळं बिनचूक. दार करकरत नाही, खाट कुरकुरत नाही, पंख्याचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. काकू गेल्यापासून ते एकटेच राहतात. तिथं गेलं की आपणही उगाच हळू आवाजात बोलतो.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. भाऊ बसायला आले. पहिल्या दिवशी ते खरंच नुसते बसले. दुसऱ्या दिवशी त्यांना मी बसलो होतो त्या खाटेचा आवाज ऐकू आला. मग खिडकीची कडी, पाटाचा पाय, कपाटाचं बिजागर. स्वयंपाकघर इंझोरीच्या मावशीनं सांभाळलं होतं. भेटायला येणारा प्रत्येकजण दारात बटण दाबी, आणि मावशीचा दिवा जाई. शेवटी ती बाहेर येऊन भाऊंवरच घसरली.

"काहो, तुमी बसाले येता का लाइन बंद कराले येता? आंधारात भाकर थापू का मी?"

"घंटीत काहीतरी ढिल्लं हाय, बाई."

"घंटीत नाई, तुमच्यात हाय."

कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणीतरी हसलं. बहुधा मीच.

मी भाऊंना अडवलं नाही. त्यांची ठोकाठोक चालू असली की घर अगदीच थांबलेलं नाही असं वाटायचं. फक्त ते मोरीकडे वळले की मी चहाच्या निमित्तानं त्यांना परत बोलवायचो. खाट कुणीही नीट करावी. तोटीवरची ती गाठ आईच्या हातची होती, आणि तिच्या हातची दुसरी गाठ आता पडणार नव्हती.

तेरवी झाली, मावशी गावी गेली. संध्याकाळी मी चहा ठेवत होतो आणि दिवा गेला. दार उघडलं तर भाऊ. एका हातात पाना, दुसऱ्या हातात पुडीत बांधलेला नवा वायसर.

"आता मोकळं हाय घर," ते म्हणाले. "तोटी करून टाकू, बापू?"

नको म्हणायचं होतं, पण मी दारातून बाजूला झालो. भाऊ मोरीसमोर पाट घेऊन बसले. त्यांनी चिंधीवरून बोट फिरवलं. गाठीचं टोक नखानं चाचपलं. मग त्यांचा हात तिथंच राहिला.

"आमची हे गेली ना," ते तोटीकडे पाहतच म्हणाले, "तवा बी लोक बसाले येत. म्या तेवढ्या दिवसांत सबन घर नीट करून टाकलं. कपाटाचं दार लागतच नव्हतं आमच्या. थे लाथ मारून लावे. धाड करून. मी म्हनो, एखांद्या दिवशी मोडशीन."

"मग?"

"मग काय. आता बोटानं लागते."

चहा उकळून वर आला, मी गॅस बंद केला. स्वयंपाकघरात तेवढाच एक आवाज उरला, गंजात पडणाऱ्या थेंबाचा. भाऊंनी तो बराच वेळ ऐकला. पंखा ऐकतात तसा, मान जराशी तिरपी करून. मग पाना खिशात घातला, वायसरची पुडी घातली, आणि गंज थोडा सरकवून नेमका थेंबाखाली आणला.

"नाई," ते म्हणाले, "यात काई ढिल्लं नाई."