शून्य बरोबर कोसाइन

गणिताच्या बाईंची भाची गणितात नापास झाली. ही बातमी शेजारच्यांना बाईंच्या आधी कळली, यावरून निकाल वेळेवर लागला होता हे सिद्ध होते.

“मावशी, पुलाचं गणित बरोबर होतं गं माझं,” भाची उशीत तोंड खुपसून म्हणाली.

बाईंनी उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. प्रश्न असा: झुलता पूल ज्या तालात मुळातच झुलतो, नेमक्या त्याच तालात माणसे चालत आली, तर काय होईल? पुलाची हालचाल क्षणाक्षणाला कशी बदलते हे सांगणारे रेषीय विकलक समीकरण दिलेले. सोडवायचे अनिर्धारित सहगुणकांच्या पद्धतीने. म्हणजे उत्तराचा तोंडवळा आधी अंदाजाने मांडायचा, न कळलेल्या आकड्यांच्या, म्हणजे सहगुणकांच्या, जागी A आणि B बसवायचे आणि समीकरणात घालून त्यांना बोलते करायचे. उजवीकडे कोसाइन असला की अंदाजात साइन आणि कोसाइन दोन्ही. मेख एवढीच, की हा अंदाज पुलाच्या मूळ झुलण्याशी जुळला तर डावी बाजू शून्य होते आणि A, B दोघेही पसार होतात. अशा वेळी अंदाजाला काळाने, म्हणजे t ने, गुणायचे असते. भाचीने गुणले होते. तिचा पूल क्षणोक्षणी जास्त हलत गेला. परीक्षा विभागाच्या आदर्श उत्तरात मात्र कोणी गुणण्याची तसदी घेतली नव्हती. तिथे शेवटची ओळ होती ‘शून्य = cos t’, आणि तिच्याखाली, ‘म्हणून पूल सुरक्षित.’

बाई तडक परीक्षाप्रमुखांकडे गेल्या.

“सर, शून्य आणि कोसाइन सारखे नसतात.”

“कधीच नसतात?”

“अधूनमधून कोसाइन शून्य होतो, पण—”

“म्हणजे आमचं उत्तर अधूनमधून बरोबर आहे.” प्रमुखांनी समाधानाने चष्मा पुसला. “तुमच्या भाचीचं काय? प्रश्नात t एकदाच दिलाय. हा जादाचा तिनं कुठून आणला?”

“पद्धतच तशी आहे, सर.”

“मॅडम, मुलं घरून t आणायला लागली तर परीक्षा घ्यायच्या कशाला?”

तरीही तक्रार लेखी असल्याने समिती नेमावी लागली. बाईंना नात्यामुळे वगळले. बाकीच्या गणितवाल्यांचे गणिताविषयी पूर्वग्रह असल्याने त्यांनाही वगळले. उरलेल्या निःपक्षपाती सदस्यांनी प्रश्न बारकाईने वाचला आणि त्यांना मूळ दोष सापडला. सहगुणक जर ‘अनिर्धारित’ आहेत, तर ते निर्धारित करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला दिला कोणी? सबब, ज्यांनी A आणि B जागचे हलवले नाहीत, किंवा जागा कोरीच सोडली, त्यांना पूर्ण गुण. भाचीने B ची किंमत अर्धा काढली होती. तिचा एक गुण आणखी कापला गेला.

महाविद्यालयाचा निकाल एकदम वर गेला. बाई फाटकाशी उभ्या राहून पालकांना खरे उत्तर समजावू लागल्या. एका गृहस्थांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, मधे दोन चांगल्या शंकाही विचारल्या.

“पटलं, बाई. आता हे दुरुस्त झालं तर आमच्या पोराचे मार्क जातील का हो?”

“जातील.”

“मग असू द्या ना. पूल काय, बांधणारे बांधतीलच.”

फेरपरीक्षेच्या सकाळी भाचीने पायांत चपला सरकवता सरकवता विचारले, “मावशी, परत तेच गणित आलं तर?”

बाईंनी आधी दार लोटून घेतले. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, “A, B तसेच ठेव. पास हो आणि ये घरी.”

भाची उत्तम गुणांनी पास झाली. बाईंना खुशाल नावे ठेवा, त्यांचे काही म्हणणे नाही. फक्त त्या वर्षी तुमच्याही घरात कोणी पास झाले असेल, तर एवढे आठवून बघा: शेजारच्यांना ती आनंदाची बातमी सांगायला धावताना, उत्तर काय लिहिलं होतंस, असे तुम्ही विचारले होते का?