खोकल्याच्या बाटलीतला डेव्हलपर

डेव्हलपर छोट्या बाटल्यांत भरून ठेवायचा असं मी ठरवलं, तेव्हा त्यात कुणाच्या जिवाला धोका असेल असं वाटलं नव्हतं.

फोटो रोलवर निघायचे तेव्हाची गोष्ट. रोल धुवायचं हे रसायन हवा लागली की खराब होतं. म्हणून मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या तपकिरी बाटल्या घासूनपुसून काठोकाठ भरल्या आणि न्हाणीघराच्या फळीवर ठेवल्या. मोजायलाही औषधाचंच झाकण घेतलं. (चिठ्ठी डकवायची तेवढी राहिली. माझ्या हुशारीत नेहमी एवढंच राहतं.)

त्याच आठवड्यात सासरे राहायला आले, खोकल्यासकट. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दिलेली त्यांची औषधाची बाटलीही तशीच तपकिरी, तीही त्याच फळीवर गेली. मी अख्खा रोल त्यांच्यावर खर्च केला. पेपर वाचताना, दाढी करताना, पेपर वाचता वाचता पेंगताना. मग न्हाणीघराची खिडकी चादरीने झाकून, अंधारात रोल धुवायच्या छोट्या बंद टाकीत भरला. दिवा लावून फळीवरची बाटली घेतली, मापाने पाण्यात मिसळली, आत ओतली. बोटं चिकट झाली. हुंगली, तर ज्येष्ठमध!

मग डेव्हलपर कुणाकडे गेला? टाकी हातात तशीच घेऊन मी बाहेर धावलो.

"बाबा, औषध घेतलंत?"

"घेतलं की, जावईबापू! घसा कसा मोकळा झालाय!"

"अहो, तुम्ही का पांढरे पडलात?" बायको म्हणाली. कारण सांगितल्यावर तीही पांढरी पडली.

आम्ही सासऱ्यांना दोन्ही बाजूंनी धरून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. सगळं ऐकून डॉक्टरांनी माझ्या हातातली टाकी पाहिली.

"विष यातच आहे ना?"

मी "अहो, नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी झाकण उघडून रोल भर उजेडात बाहेर ओढला आणि वास घेतला.

"हे तर मीच दिलेलं औषध!"

"मग बाबा काय प्यायले?" बायको रडकुंडीला आली.

सासरे घसा खाकरून म्हणाले, "काही नाही गं. कडू लागतं म्हणून मी रोज कुंडीत ओततो." आणि खो खो खोकले.

बायको रडता रडता हसत सुटली. डॉक्टरही हसले. मी मात्र ती चिकट, वाया गेलेली फिल्म हातात धरून उभा होतो.

सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मी बायकोला म्हणालो, "तो रोल वाचला असता तर बाबांचे किती फोटो असते आपल्याकडे!"

"बाबांचे कसले?" ती डोळे पुसत म्हणाली. "तुमच्या फोटोत कुणाचं मानेवरचं काही आलंय का कधी?"