फोन डब्यात टाका

समोरच्या लॉन्ड्रीचा व्हिडिओ पुन्हा आधी आला, आणि धाकट्या सुनेने हातातला शर्ट काउंटरवर आपटला.

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी व्हिडिओ टाकायला घेतला आणि तिकडून त्यांचा आलासुद्धा. रोज हेच चाललंय."

नवरा एका कोटाचे खिसे तपासत होता. गिऱ्हाइकाची एखादी वस्तू आत राहून धुतली गेली की त्याला झोप लागत नसे. "योगायोग असेल," तो खिशात हात ठेवूनच म्हणाला.

"योगायोग एकदा होतो. रोज झाला की त्याला फितुरी म्हणतात."

गल्ली अरुंद होती. या बाजूला धाकट्या भावाची लॉन्ड्री, समोर थोरल्याची. वडील गेल्यावर दोघांनी धंदा वाटून घेतला, आणि वाटणी इतकी चोख केली की हँगरसुद्धा अर्धे अर्धे झाले. मोठं धुलाई यंत्र याला, वाफेची इस्त्री त्याला. आईचीही वाटणी झाली: पंधरवडा इकडे, पंधरवडा तिकडे. दोन दुकानांमध्ये आता फक्त एक काळी वायर लोंबकळत होती. तिच्यावर पारवे बसत. खाली वाळत घातलेल्या चादरींचं त्यामुळे जे व्हायचं ते होई, आणि त्याचा दोष दोन्ही दुकानं एकमेकांना देत.

कपड्यांवरचे डाग कसे निघतात याचे छोटे छोटे व्हिडिओ टाकायची कल्पना नेमकी कोणत्या सुनेची, यावर गल्लीत दोन मतं होती. दोघींचे व्हिडिओ चालत होते आणि त्यावरून गिऱ्हाइकंही येत होती, एवढं मात्र खरं. पण आसपासची माणसं दोघींचेही बघत. ज्या दुकानाचा व्हिडिओ आधी दिसे त्याकडे लोक वळत, आणि दुसऱ्याचा आला की "हे यांचं बघून करतात" असं म्हणून मोकळे होत.

म्हणून धाकटीने वेळेचा अभ्यास केला होता. त्यासाठी तिला कोणत्याही तज्ज्ञाची गरज पडली नाही. ती काउंटरवर उभी राहून गिऱ्हाइकांच्या मानांकडे बघायची. पावती मिळेपर्यंत कोणाची मान खाली जाते, कोणत्या वेळी जास्त जाते, कोणत्या वेळी माणसं घाईत असतात आणि फोन खिशातच राहतो. तिचा निष्कर्ष असा होता की लोक व्हिडिओ बघतात ते कशाची तरी वाट बघताना. त्यामुळे माणसं वाट बघत असतील, त्या वेळी आपला व्हिडिओ गेला पाहिजे.

वेळ ठरवण्याइतकीच दुसरी अडचण नेटची होती. ते इतकं मंद चाले की व्हिडिओ जाता जाता बसची वाट बघणारा माणूस कचेरीत पोचलेला असे. यावर तिने तोडगा काढला. व्हिडिओ टाकायच्या थोडं आधी ती हाक मारी, "फोन डब्यात टाका!" मग नवरा, सासूबाई आणि इस्त्रीवाले काका आपापला फोन बंद करून तुटक्या बटणांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. घरातल्या बाकी सगळ्यांनी नेट सोडलं की तिचा व्हिडिओ सुरळीत जाई.

आणि तरीही समोरचा आधी जाई. अगदी थोडाच आधी, पण आधी.

संशय बळावला तसं तिने डब्याला झाकण लावलं. फोन डब्यात असताना कोणी समोर निरोप पाठवू शकणार नाही, हा आणखी एक फायदा. पण झाकण लावल्यापासून समोरचा व्हिडिओ जास्तच तत्परतेने येऊ लागला.

"हे कधीपासून सुरू झालं माहितेय?" एका दुपारी तिने आवाज खाली आणून नवऱ्याला विचारलं. "आई इकडे राहायला आल्या त्या आठवड्यापासून."

नवऱ्याने कोट खाली ठेवला. "आईचं नाव घेऊ नकोस."

"मी नाव घेत नाही. मी फक्त आठवडा सांगतेय."

दोघांनी मागच्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्याआड सासूबाई कॉटवर बसल्या होत्या, हातात फोन, एका कानात इयरफोन. दुसरा कान मोकळा होता. हा दुसरा कान घराकडे असतो, हे धाकटीच्या आधीच लक्षात आलं होतं.

"हे बघ," नवरा म्हणाला, "वाटणी झाली तेव्हा आई आठ दिवस जेवली नव्हती. परत तिला काही बोललीस ना, तर ती निघून जाईल, आणि ती एकदा गेली की परत येणाऱ्यातली नाही."

"मी कुठे बोलतेय? मी फक्त खात्री करून घेणार."

खात्री करून घ्यायची तिची पद्धत साधी होती. तिने तिघांना तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या.

नवऱ्याला म्हणाली, "उद्या सकाळी टाकणार. लोक बसस्टॉपवर उभे असतात ना, तेव्हा. कोणाला बोलू नका."

इस्त्रीवाल्या काकांना म्हणाली, "काका, उद्या दुपारी, जेवणानंतर. तुमच्यामाझ्यात."

"मला कशाला सांगता बाई?" काका कॉलरवर पाणी शिंपडत म्हणाले. "मला ते दिसतच नाहीत. चष्मा घरी असतो."

सासूबाईंना म्हणाली, "आई, उद्या दिवे लागले की टाकणार. लोक दमून घरी आलेले असतात आणि स्वयंपाकाची वाट बघत असतात."

"हं," सासूबाई म्हणाल्या, फोनमधून मान वर न काढता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने हाक मारली, फोन डब्यात पडले, झाकण बसलं. तिचा व्हिडिओ अर्ध्यावर असतानाच समोरचा झळकला. म्हणजे नवरा. तिला वाईट वाटलं, पण फार आश्चर्य वाटलं नाही.

दुपारी पुन्हा डबा, पुन्हा झाकण. पुन्हा समोरचा आधी. म्हणजे काकासुद्धा.

संध्याकाळी तिने बोटाने झाकण दाबून धरलं. सासूबाईंसाठी लावलेल्या वेळेलाही समोरून व्हिडिओ आला. त्यात थोरली जाऊ हसत हसत एका सदऱ्यावरचा चहाचा डाग काढून दाखवत होती.

सापळा एक उंदीर पकडण्यासाठी लावला होता आणि घरात दुसरं कोणी उरलंच नव्हतं. धाकटीने यावर थोडा विचार केला, आणि तिघांनाही काउंटरपाशी बोलावलं.

"मी माझ्याच दुकानाची चुगली करतो?" नवऱ्याचा आवाज चढला.

"तुम्ही दादांबरोबर चहा घेता."

"सख्ख्या भावाबरोबर चहा घेणं गुन्हा आहे?"

"कोणत्या वेळी घेता त्यावर आहे."

काकांनी गरम इस्त्री उभी करून ठेवली. एरवी ते टेबल सोडतानाच तसं करत. "बाई, तुमच्या सासऱ्यांच्या वेळेपासून मी इथे उभा आहे. लोकांच्या खिशांतून काय काय निघतं ते मी बघितलंय. एका शब्दाने कधी कोणाला बोललो नाही. आणि तुमचा व्हिडिओ किती वाजता, हे मी गावभर सांगत फिरेन?"

"मग त्यांना कळतं कसं?"

सासूबाईंनी डब्यातून आपला फोन काढून घेतला, आत गेल्या आणि थोड्या वेळाने हातात बॅग घेऊन बाहेर आल्या.

"आई, अहो पंधरवडा संपायचाय अजून," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता.

"संपला असं समज."

"समोर जाताय?"

"समोर पण नाही. बहिणीकडे जाते. तिच्याकडे कोणी कपडे धुण्याचे व्हिडिओ काढत नाही."

आणि त्या पायऱ्या उतरल्या. नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं की ती तशीच, हातात बटणांचा डबा घेऊन, त्यांच्या मागे धावली.

सासूबाई गल्लीच्या मध्यावर पोचतात तोच समोरून थोरली बाहेर आली. तिने बॅग पाहिली, जाऊ पाहिली, डबा पाहिला.

"काय झालं? आईंना घालवताय?"

"तुमच्यामुळे, ताई! माझी वेळ तुम्हाला कोण सांगतं?"

"कसली वेळ?"

"व्हिडिओ टाकायची! मी टाकायला घेतला की तुमचा आधी हजर."

"मी?" थोरली पायरीवरून खाली उतरली. तिच्याही मनात बरंच साठलेलं दिसत होतं. "मी वेळ बघून टाकते? माझा व्हिडिओ सकाळपासून अडकून पडलेला असतो गं! एक टाकते, तो शेवटच्या टोकाला येऊन थांबतो. मग दुसरा टाकते, तोही थांबतो. ताटकळत बसते दिवसभर. आणि मग तुमच्या मनात येईल तेव्हा तुम्ही नेट सोडता, तेवढ्यात जाईल तो जातो. भीक वाढल्यासारखं!"

"आम्ही नेट सोडतो?"

"नाहीतर कोण? राउटर तुमच्या माळ्यावर आहे ना?"

तिने बोट वर केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. काळ्या वायरवरचे पारवे एवढी माणसं आपल्याकडे बघतायत म्हणून उडून गेले.

थोरला भाऊ तोवर बाहेर आला होता. "बाबांनीच ओढली होती ती नेटची वायर," तो म्हणाला. "समोर आपलं गोदाम होतं तेव्हा. बिल आईच्या खात्यातून आपोआप जातं. वाटणीच्या वेळी कोणाच्या लक्षातच आलं नाही."

"तुला माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

"मला वाटलं, तुला माहीत आहे आणि तू मोठ्या मनाने बोलत नाहीस."

"आणि वहिनी, एवढा त्रास होत होता तर एकदा येऊन सांगायचं ना?"

"तुमच्या दारात? नेट मागायला?" थोरली म्हणाली. यावर मात्र धाकटीने मान हलवली. तिच्या जागी तीही गेली नसती.

हळूहळू सगळ्यांना हिशेब लागला. या घरातले फोन डब्यात गेले की समोरचं नेट सुटायचं, आणि थोरलीच्या व्हिडिओचा राहिलेला शेवटचा तुकडा धाकटीचा व्हिडिओ अर्ध्यावर असतानाच निघून जायचा. झाकण जितकं घट्ट, तितकी समोरची सोय अधिक. फितूर कोणी असेल तर तो पत्र्याचा डबा होता.

"पण मग दिवसभर एवढं नेट खातं कोण?" थोरला म्हणाला. तो वाफेच्या इस्त्रीशी वर्षानुवर्षं झटलेला माणूस होता. गळती आहे म्हटलं की ती सापडेपर्यंत त्याला चैन पडत नसे. "एकेक फोन बंद करून बघू."

सगळे धाकट्याच्या दुकानात आले. थोरल्याने आपला फोन डब्यात टाकला. थोरलीने टाकला. धाकटीने टाकला. नवरा आणि काका यांचे आत होतेच. थोरला स्टुलावर चढला आणि माळ्यावरच्या राउटरकडे पाहू लागला.

"हिरवा दिवा अजून फडफडतोय," तो वरून म्हणाला. "कोणीतरी काहीतरी बघतंय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासूबाई दारापाशी उभ्या होत्या, बॅग छातीशी धरून. बॅगच्या आतून एक उत्साही पुरुषी आवाज येत होता.

"मंडळी, नीट बघा! हा गालिचा काळा नाही हं! हा मुळात पांढरा आहे!"

बॅगेत पाण्याचा फवारा सुटल्याचा आवाज झाला.

"आई," धाकट्याने विचारलं, "हे काय?"

"इयरफोनची पिन निघाली वाटतं," सासूबाई म्हणाल्या आणि बॅगची चेन उघडून आत हात घातला.

"कोण आहे हा?" दोन्ही सुनांनी एकदम विचारलं. वाटणीनंतर त्या पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या होत्या.

"मला काय माहीत कोण आहे. गालिचे धुतो. चिखलाने माखलेला आणतात, आणि हा खराखरा घासून असा पांढराशुभ्र करतो की बघत राहावं. एक संपला की दुसरा येतो. माझं काय चुकलं? पैसे माझ्याच खात्यातून जातात."

"दिवसभर?"

"तुम्ही फोन डब्यात टाकायला लावता तेव्हा थांबते ना."

"आणि आमचे व्हिडिओ?" थोरलीने विचारलं. "घरच्या सुनांचे?"

"बघितले होते एकदा," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्यात डाग निघेपर्यंत तुम्हीच फार बोलता."

हा घाव दोघींना सारखाच बसला. त्या काउंटरच्या एकाच बाजूला उभ्या होत्या, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

धाकटीने पुढे होऊन बॅग काढून घेतली. "आई, माझं चुकलं. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"उगाच कुठे?" काका इस्त्री पुन्हा हातात घेत पुटपुटले. "माणूस बरोबर धरला होता."

सासूबाई राहिल्या. बॅग कॉटखाली गेली. थोरल्याने वेगळी जोडणी घेण्याचा विषय काढला, पण आई म्हणाली, "हँगर वाटलेत तेवढे पुरे." मग तो विषय कोणी परत काढला नाही. दोघी सुनांनी मिळून नवा अभ्यास केला. बसस्टॉप, जेवण, स्वयंपाक हे सगळं मागे पडलं. व्हिडिओ टाकायची सर्वांत चांगली वेळ एकच ठरली: दुपारी सासूबाईंचा डोळा लागतो ती. एका दिवशी थोरलीचा आधी जाईल, दुसऱ्या दिवशी धाकटीचा.

पहिला मान थोरलीला मिळाला. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या, चादर डोक्यावरून ओढली. धाकटीने दारात येऊन समोर खूण केली. थोरलीने बटण दाबलं.

व्हिडिओ शेवटच्या टोकाला गेला आणि थांबला.

थोरलीने डोळे बारीक करून गल्लीपलीकडे पाहिलं. धाकटीने ताबडतोब दोन्ही हात वर करून रिकामे दाखवले. मग नवऱ्याकडे बोट केलं. त्याचा फोन डब्यात होता. काकांचाही होता. थोरली गल्ली ओलांडून आली, आणि दोघींनी मिळून पडदा जरासा बाजूला सारला.

कॉटवर चादर शांत होती. श्वास अगदी झोपलेल्या माणसासारखा संथ चालला होता. फक्त चादरीच्या आत, डोक्याकडच्या बाजूला, निळसर उजेड होता आणि तो हलत होता.

काकांनी इस्त्री उभी केली, डब्याचं झाकण काढलं आणि डबा घेऊन कॉटपाशी जाऊन उभे राहिले.

"थांबा जरा," चादरीतून आवाज आला. "पांढरा व्हायला आलाय."