मासोळीच्या संरक्षणार्थ

शहराबाहेरच्या वालुकाश्माच्या कड्यात एक मासोळी असून ती पावसाने झिजत आहे, असे भूशास्त्राच्या बाईंनी वारसा संरक्षण खात्याला कळवले. मासोळी कोट्यवधी वर्षांपूर्वीची. तिच्या पोटातल्या पिल्लांचे केसासारखे काटेसुद्धा दगड होऊन राहिले होते. असा जीवाश्म बाईंनी उभ्या जन्मात दुसरा पाहिला नव्हता. त्यांची मागणी एवढीच होती, की वरून येणारे पाणी चर खणून बाजूला वळवावे. चराचे उद्घाटन करता येत नसल्यामुळे खात्याने छत मंजूर केले.

छत म्हटले की खांब आले आणि खांब म्हटले की पाया आला. पायासाठी कडा फोडायला घेतला, तेव्हा बाई धावत आल्या.

"अहो साहेब, खांब नेमका मासोळीतूनच चाललाय!"

"छत कुणासाठी आहे, बाई?" अभियंता साहेबांनी शांतपणे विचारले. "तिच्यासाठीच ना? मग तिनं थोडं सहकार्य नको का करायला?"

"निदान पोटाकडचा भाग तरी वाचवा हो. पाया पडते."

"बघतो," साहेब म्हणाले आणि खरोखरच शेवटपर्यंत बघत उभे राहिले.

फुटलेला दगड वाया जाऊ नये म्हणून त्याची खडी करून त्याच पायात भरली. खाते काटकसरीला पक्के होते. पुढे कंत्राटदाराच्या, म्हणजे साहेबांच्या मेव्हण्याच्या, लक्षात आले की उरलेल्या कड्याला हात लावला की वाळू गळते. पाहुण्यांचे कपडे खराब होणार! तेव्हा कड्याला सिमेंटचा गिलावा करून त्यावर वालुकाश्माचा रंग मारण्यात आला. मग पाहण्यासारखे काहीच उरेना, म्हणून मेव्हण्याने पुरुषभर उंचीची, पापण्या असलेली, हसरी फायबरची मासोळी बसवली.

"मूळची फारच चपटी होती," तो म्हणाला.

उद्घाटनाला बाईंना मुद्दाम बोलावले होते. मासोळीपुढे उभ्या राहून त्या म्हणाल्या, "इथं आता काही नाही. तुम्ही जिला बघायला आलात, तिचा चुरा त्या खांबाखाली आहे." त्या रडू लागल्या.

तुम्ही होतातच की तिथे, मुलाबाळांसकट. मोबाइल वर धरून तुम्हीच तर त्यांना म्हणालात, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, मासोळी झाकली जातेय."