ताट उलटं करू नकोस

"आज ताट उलटं करायचं नाही," गाडी थांबवता थांबवता मॉरीननं पुन्हा बजावलं. "बशीसुद्धा नाही. कपाखाली डोकवायचं नाही. कबूल?"

"कबूल," नेव्हिल ब्लोर बायकोला म्हणाला.

"आपल्या लॉर्नाच्या होणाऱ्या सासूचं घर आहे. बाई लंडनकडची आहे. तिला आपल्या खोडी ठाऊक नाहीत."

इंग्लंडातल्या स्टोकच्या माणसाला ताटाच्या बुडावरचा छाप वाचल्याशिवाय घास गोड लागत नाही. सगळं शहरच कुंभारकामावर पोसलेलं, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटतही नाही. पण नेव्हिलचं दुखणं विकोपाला गेलं होतं. हॉटेलात तो सूपची वाटी डोक्यावर धरून खालून वाचायचा. साडूच्या मयतानंतरच्या चहाला त्यानं बशी पालथी केली होती आणि "चीन" असं म्हणून डोळे पुसले होते. ते डोळे साडूसाठी पुसलेले नव्हते, हे मेव्हणीच्या बरोबर लक्षात आलं होतं.

त्यात आज आणखी एक गोष्ट सोसायची होती. सीलिया हार्कोर्टबाईंचं घर ज्या नव्या वसाहतीत होतं, ती पिमच्या कारखान्याच्या जागेवर उभी राहिली होती. नेव्हिलनं उभी हयात पिमकडे ताटं घडवण्यात घालवली होती. कारखाना बंद पडला, धुराडी पाडली, आणि बिल्डरनं गल्ल्यांना 'भट्टी मार्ग', 'झिलई गल्ली' अशी नावं देऊन घरं विकली.

"आपण गाडी लावली ना," नेव्हिल म्हणाला, "बरोबर तिथं माझं चाक होतं."

"उतर," मॉरीन म्हणाली.

सीलियाबाई तशा मनानं चांगल्या निघाल्या. टेबल झकास मांडलं होतं. भाजलेलं बीफ, बटाटे, फुगलेलं खारं पुडिंग आणि त्यावर दाट, तपकिरी ग्रेव्ही. बाईंनी स्वतःच्या हातानं नेव्हिलचं ताट भरलं.

"ही ताटं पिमची आहेत, मिस्टर ब्लोर," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिथं होता असं लॉर्नानं सांगितलं, म्हणून मुद्दाम काढली."

नेव्हिलनं हळूच बोटं ताटाखाली सरकवली आणि बुडाची कड चाचपली. ओल्या स्पंजानं कड पुसताना शेवटी अंगठा किंचित आत वळवायचा, ही त्याची स्वतःची लकब. कड तशीच वळली होती. त्याच्याच हातचं ताट, त्याच्याच जागेवर, त्याच्याच लेकीच्या सासरी. त्याला एकदाच, फक्त एकदाच बघायचं होतं.

मॉरीनची नजर चुकवून त्यानं वास घेण्याच्या मिषानं ताट उचललं. आधी नाकापर्यंत, मग कपाळापर्यंत. खालून वर पाहिलं. छाप पिमचाच होता. त्याखाली बारीक अक्षरांत 'इंडोनेशिया' लिहिलं होतं.

ताट कललं. ग्रेव्ही आधी छातीवर आली, मग पोटावर, आणि मग सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, पँटवर.

"डॅड," लॉर्ना म्हणाली.

"इथली नाहीयेत ती," नेव्हिल सीलियाबाईंना म्हणाला. "नाव तेवढं इथलं आहे."

"खोक्यावर तर पिमच लिहिलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला. मॉरीननं टेबलाखालून नेव्हिलच्या नडगीवर लाथ घातली, पण आता तिचा उपयोग नव्हता.

त्याला वरच्या बाथरूममध्ये पाठवण्यात आलं. त्यानं पँट वॉश बेसिनमध्ये भिजत घातली आणि दाराला टांगलेला सीलियाबाईंचा गुलाबी गाऊन अंगावर चढवला. इथवर सगळं सावरण्यासारखं होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बेसिनं घडवणारे कारखानेही एके काळी याच शहरात होते. नेव्हिल गुडघे टेकून बेसिनच्या बुडाशी शिरला. छाप काही सापडला नाही. उठताना गुडघ्यानं दगा दिला, म्हणून त्यानं बेसिनची कड धरली, आणि बेसिन भिंत सोडून त्याच्यासोबत खाली आलं. मागचा पाइप उखडला आणि पाण्याचा फवारा थेट छतावर.

तो जिना उतरून खाली येईपर्यंत जेवणाच्या खोलीचं छत गळायला लागलं होतं. दिव्याच्या वायरीवरून पाण्याची धार नेमकी बीफवर पडत होती.

"पाण्याची मुख्य चावी कुठाय?" मॉरीननं विचारलं.

सीलियाबाईंनी मुलाकडं पाहिलं. मुलानं, लॉर्नाच्या होणाऱ्या नवऱ्यानं, म्हणजे गाइल्सनं, फोनकडं पाहिलं. "घराचा विमा आहे आपला. तेच सगळं बघतात," म्हणत त्यानं मदतीचा क्रमांक लावला आणि पलीकडून आवाज येताच फोन नेव्हिलच्या हाती कोंबला. "तुम्ही बोला. नेमकं काय झालं ते तुम्हालाच माहीत. मी वर बादली लावतो."

"नमस्कार, मी मेगन. आपल्याला काय मदत करू?" फोनमधला आवाज गोड होता, आणि कुठल्या इंग्लिश मेगनचा नक्कीच नव्हता.

"पाइप फुटलाय, बदके," नेव्हिल म्हणाला. स्टोकमध्ये बायकांना लाडानं बदकच म्हणतात, मग ती भाजीवाली असो की बँकेची मॅनेजर.

"घरात बदक आहे, सर?"

"नाही गं बदके, पाणी आहे."

"म्हणजे बदक पाण्यात आहे. पाळीव प्राण्यानं केलेलं नुकसान विम्यात बसत नाही, सर. पाइप बदकानं तोडला का?"

"मी तोडला."

"बरं. मुख्य चावी स्वयंपाकघरात सिंकखाली..."

"तू कुठनं बोलतेस? तुला इथलं काय ठाऊक?" नेव्हिलला ऐकायचंच नव्हतं. "या जमिनीची नस न् नस मला ठाऊक आहे. झिलईच्या खोलीच्या दाराशी मोठी चावी होती. सगळं पाणी तिथनंच फिरायचं."

त्यानं फोन खांद्यात धरला, मागच्या दाराशी टेकवलेलं फावडं उचललं आणि गुलाबी गाऊनमध्ये तो मागच्या बागेत गेला. झिलईच्या खोलीचं दार आता गुलाबाच्या वाफ्यात येत होतं. त्यानं अंदाज बांधून खणायला सुरुवात केली. एक गुलाब गेला, दुसरा गेला. शेजारचे लोक खिडकीत आले. फावडं खणकन वाजलं. त्यानं खाली वाकून हात घातला, तर हाताला ताटांचे तुकडे लागले. भट्टीत तडकलेली, मातीत टाकून दिलेली ताटं. तो खणत गेला आणि तुकडेच निघत गेले. चावी कधीच उपटून नेली होती.

"सर," फोनमधला आवाज पुन्हा आला, "सिंकखाली, डाव्या हाताला. त्या वसाहतीतल्या सगळ्या घरांना तिथंच आहे."

नेव्हिलनं खिडकीतून हाक मारली. "मॉरीन, सिंकखाली बघ. डावीकडं."

पाणी थांबलं.

तो ओल्या बाकावर बसला. गाऊनला चिखल लागला होता. "चुकलं माझं," तो फोनमध्ये म्हणाला. "खरं नाव काय तुझं?"

"मारिसेल. सेबू, फिलिपिन्स. सांगायची परवानगी नसते, सर."

"तुला माझ्या होणाऱ्या विहीणबाईंच्या सिंकखालचं ठाऊक, आणि मला नाही."

"समोर पडद्यावर दिसतं. आणखी थोडे दिवस दिसेल." तिचा आवाज आता मेगनसारखा राहिला नव्हता. "आमचं बोलणं मशीन ऐकतं, सर. त्यावरनंच ते शिकतं. पुढच्या महिन्यापासून फोन तेच घेणार. आमच्यातल्या ज्यांना चांगले गुण आहेत, तेवढेच कामावर राहतील."

नेव्हिल हातातल्या तुकड्याकडं पाहत राहिला. "मीही शिकवलं होतं," तो म्हणाला. "पिमनं मला इंडोनेशियात, जावाला धाडलं होतं. सुलास्त्री नावाची पोर होती. अंगठा कसा वळवायचा ते तिला जमेना. मी तिचा हात धरून शिकवलं. जमलं तेव्हा दोघांनी मिळून फणस खाल्ला. घरी आलो तर माझं चाक बांधून जहाजावर चढवलेलं."

"राग आला तिचा?"

"तिचा कसला राग येणार? छान करते ती. आजच पाहिलं."

मारिसेल हलकंच हसली. "प्लंबर निघालाय, सर. आता मी फोन ठेवला की मशीन विचारेल, सेवेला पाचपैकी किती गुण. तेवढं सांगाल?"

"पाच देतो. दहा असते तर दहा दिले असते."

खट्ट झालं. मग एक थंड, स्वच्छ आवाज आला. "कृपया एक ते पाचमधला आकडा सांगा."

"पाच," नेव्हिल म्हणाला.

"माफ करा, कळलं नाही."

स्टोकची बोली जुनी. ती शेजारच्या जिल्ह्यालाही धड कळत नाही. नेव्हिलनं बातम्या सांगणाऱ्यासारखा आवाज काढला. "पाच."

"आपण 'एक' म्हणालात. आम्हाला खेद वाटतो. आभारी आहोत."

"एक नाही," तो म्हणाला. पण पलीकडं कुणी नव्हतं.

त्यानं पुन्हा तोच क्रमांक लावला. या वेळी माणूस आलंच नाही. "तक्रारीसाठी एक दाबा," आवाज म्हणाला. "जुन्या तक्रारीसाठी दोन."

"तक्रार नाहीये. कौतुक करायचंय."

"माफ करा, कळलं नाही. तक्रारीसाठी एक दाबा."

मॉरीन बागेत आली. तिनं वाफ्यातला खड्डा पाहिला, गुलाब पाहिले, नवऱ्याचा गाऊन पाहिला. रागवायचं कुठून सुरू करावं हे तिला कळेना. "सीलियाबाईंनी स्वयंपाकघरात गोडाचं पुडिंग वाढलंय," ती शेवटी म्हणाली. "लॉर्ना अजून रडतेय, पण मधूनच हसतेय. चल."

"येतो. जरा रांगेत आहे."

"कसल्या?"

"तक्रारीच्या."

"कुणाची तक्रार करतोस आता?"

"कुणाचीच नाही," नेव्हिल म्हणाला आणि त्यानं एक दाबलं. फोनमध्ये वाट पाहायला लावणारं संगीत वाजू लागलं. मॉरीननं थोडा वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग गाऊनचा ओला घोळ बाजूला सारून ती त्याच्या शेजारी बसली.